पाठीमागे भिंत असेल तिथली लेन्स

नमस्कार सर,
मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते. माझ्याकडे कॅननचा २००डी मार्क टू आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. मावशीचा यवतेश्वर-कास रस्त्यावर होमस्टे आहे, त्याच्या खोल्यांचे फोटो मी काढते. खोल्या १० बाय १२ च्या आहेत. भिंतीला टेकून उभं राहिलं तरी निम्मी खोली फोटोत येत नाही. आता ओळखीतल्या आणखी दोघांनी त्यांच्या खोल्यांचे फोटो काढून मागितलेत. मला स्वतःला कास पठार, जुने वाडे, घाटावरची देवळं आणि लिंब गावची विहीर यांचे फोटो काढायला आवडतात. दुकानदार म्हणतात, कॅननच्या १०-१८ पेक्षा जास्त प्रकाश घेणारी एफ २.८ ची टोकिना लेन्स घ्या. मित्र म्हणतो, आधी फुल फ्रेम कॅमेरा घे, मग लेन्सचं बघ. एकच वाइड लेन्स खोल्या, निसर्ग आणि वास्तू या तिन्हींना चालेल का? वापरलेली घेतली तर काय तपासून घ्यावं?
– एक वाचक, सातारा

नमस्कार.

कॅननची १०-१८ घ्या. हे आकडे म्हणजे लेन्सची फोकल लेन्थ, मिलिमीटरमध्ये; आकडा जितका लहान तितकी लेन्स वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी. फुल फ्रेमचा, म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेल्या कॅमेऱ्याचा, विचार सध्या बाजूला ठेवा. टोकिना घ्यायला एकच सबळ कारण आहे आणि ते तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. पुढे त्याबद्दल लिहितो. मात्र कासचे फोटो डोळ्यांसमोर ठेवून ही लेन्स घेत असाल, तर थोडं थांबा. कासला तुमची १८-५५ जास्त कामाला येते. वाइड लेन्सचे पैसे वसूल होतील ते मावशींच्या खोल्यांत, वाड्यांच्या चौकांत आणि लिंबच्या विहिरीत.

वाइड लेन्स लागते की नाही हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारतो: इथे मला मागे सरकता येतंय का? येत असेल तर आधी मागे सरकायचं, मग लेन्सचा विचार करायचा. पाठ भिंतीला लागली असेल, मागे कठडा असेल, विहिरीची कड असेल किंवा बोळात समोरासमोर दोन घरं असतील, तिथे पायांनी करायचं काम लेन्सला करावं लागतं. ‘सगळं फोटोत यावं’ म्हणून उघड्या माळावर वाइड लावली की सगळं येतं खरं, पण सगळंच बारीक होऊन येतं.

याचं कारण समजून घेतलंत तर पुढचे बरेच प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल. जवळच्या वस्तू किती मोठ्या आणि लांबच्या किती लहान दिसणार, हे तुम्ही कुठे उभ्या आहात यावर ठरतं. लेन्स फक्त त्या दृश्यातला किती भाग कापून घ्यायचा ते ठरवते. एकाच जागेवरून १० वर काढलेल्या फोटोचा मधला भाग कापून घेतला, तर त्यातली खांबांची आणि भिंतींची मांडणी १८ वर काढलेल्या फोटोसारखीच निघते. वाइड लेन्स ‘लांबवते’, ‘ताणते’ असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तिने आपल्याला वस्तूच्या फार जवळ जाऊ दिलेलं असतं आणि त्या जवळिकीचा तो परिणाम असतो.

आता मावशींच्या खोलीकडे येऊ. एक छोटा हिशोब पाठ करून ठेवा, दुकानात उभ्या उभ्या कामाला येतो. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद आणि १४.९ मिलिमीटर उंच आहे. समोरच्या भिंतीचं अंतर फुटांत घ्या, त्याला २२.३ ने गुणा आणि फोकल लेन्थने भागा. तेवढे फूट रुंदी फोटोत येते. तुम्ही खोलीच्या आखूड भिंतीला टेकून उभ्या राहिलात आणि कॅमेरा त्या भिंतीपासून फूटभर पुढे आला, तर समोरची भिंत ११ फुटांवर राहते. १८ वर तिथे साडेतेरा फूट रुंदी मावते. भिंत १० फुटांचीच आहे, म्हणजे ती अख्खी येते. मग खोली निम्मीसुद्धा का येत नाही? कारण बाजूच्या भिंती फोटोत शिरतात त्या तुमच्यापासून ८ फुटांवर. १२ फूट लांबीच्या भिंतीचे शेवटचे ३ फूट तेवढे दिसतात. १० वर त्याच भिंती साडेचार फुटांवरच आत येतात आणि त्यांची साडेसहा फूट लांबी दिसते. १३ वर ठेवलंत तर पाच फुटांच्या वर दिसते.

फरशीचंही असंच आहे, आणि खोलीच्या फोटोत फरशी दिसणं फार गरजेचं असतं, कारण खोली केवढी आहे ते बघणाऱ्याला फरशीवरूनच कळतं. कॅमेरा ४ फूट उंचीवर, आडवा आणि अगदी सपाट धरला, तर १८ वर फरशी जवळजवळ पावणेदहा फुटांपासून पुढे दिसायला लागते. म्हणजे समोरच्या भिंतीलगतची जेमतेम सव्वा फुटाची पट्टी. १० वर ती साडेपाच फुटांपासून दिसते. तुमच्या फोटोंत खोली निम्मी येण्याचं कारण हेच, आणि त्यावर १८-५५ जवळ उपाय नाही. तेव्हा या कामासाठी लेन्स घेणं योग्यच आहे.

वाइडच्या टोकाला एकेक मिलिमीटर मोलाचा असतो, हेही याच हिशोबातून दिसतं. १० फुटांवर १० ची लेन्स २२ फुटांच्या वर रुंदी घेते, ११ ची सव्वावीस. दोन फुटांचा फरक, म्हणजे एका दाराचा. ५४ आणि ५५ मधला फरक तुम्हाला कधी जाणवणारही नाही. म्हणून ‘१० काय आणि ११ काय’ असं कुणी म्हणालं तर लगेच मान्य करू नका.

पण १० आहे म्हणून प्रत्येक खोली १० वर काढू नका. या बाबतीत माझं मत ठाम आहे. १० बाय १२ ची खोली १० वर काढली की ती हॉलसारखी दिसते. पुण्याहून, मुंबईहून आलेलं कुटुंब फोटो बघून पैसे भरतं, दार उघडतं, आणि पहिल्याच मिनिटाला मावशींबद्दलचा त्यांचा विश्वास जातो. मावशींनी कितीही छान पिठलं-भाकरी केली तरी तो परत मिळवायला जड जातं. १२ ते १४ च्या मध्ये कुठेतरी थांबा. कॉट, खिडकी आणि दार यांचा एकमेकांशी संबंध कळला की पुरे. खोलीत एखादी नेहमीची प्लॅस्टिकची खुर्ची किंवा लाकडी पाट असू द्या, त्यावरून डोळ्याला माप मिळतं. फोटोखाली खोलीचं माप लिहून टाका. ज्या दोघांनी फोटो मागितलेत त्यांनाही हे आधीच सांगा. ‘खोली मोठी दाखवा’ अशी मागणी नक्की येणार, आणि नाही म्हणायचं ते सुरुवातीलाच म्हटलेलं बरं.

वाइडचा आणखी एक स्वभाव ओळखून ठेवा. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या लेन्समध्ये कडेच्या गोल वस्तू लांबट होतात. १० वर फोटोच्या अगदी डाव्या किंवा उजव्या कडेला असलेली गोल हंडी रुंदीला जवळजवळ दीडपट होते. १८ वर हाच ताण पाचवा हिस्सासुद्धा नसतो. लेन्स स्वस्त आहे म्हणून असं होतं असं समजू नका. लाखाच्या लेन्समध्येही होतं, कारण ती भूमिती आहे. म्हणून माठ, दिव्याचा गोळा, टेबलावरची वाटी आणि मुख्य म्हणजे माणसाचा चेहरा कडेला ठेवायचा नाही. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मात्र कोपऱ्यात गेलं तरी गोलच राहतं, कारण ते सपाट आहे आणि सेन्सरला समांतर आहे. खोलीत माणसं दाखवायची असतील तर त्यांना मधल्या भागात बसवा.

वास्तूंच्या फोटोंबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण तिथे लेन्सपेक्षा हाताची शिस्त महत्त्वाची आहे आणि त्याबद्दल बोललं जातं फार कमी.

वाड्याचे खांब सुतारांनी ओळंबा लावून उभे केलेले असतात. फोटोत ते आत झुकलेले दिसले की वाडा पडायला आल्यासारखा वाटतो. हे झुकणं येतं कॅमेरा वर किंवा खाली वळवल्यामुळे. वर बघितलं की खांब माथ्याकडे एकत्र येतात, खाली बघितलं की पायाकडे. १८-५५ वर हे थोडं असतं, १० वर फार होतं. उपाय एकच: कॅमेरा सपाट धरायचा, अगदी ओळंब्यात. स्क्रीनवर ग्रिडच्या रेषा लावून ठेवा. ट्रायपॉडच्या डोक्यावर पाण्याची पातळी दाखवणारी छोटी नळी असते तिच्याकडे बघा. नसेल तर गवंडी वापरतात ती लेव्हल कॅमेऱ्यावर ठेवून बघितली तरी चालते. एक उभी रेषा निवडा, दाराची चौकट किंवा खांबाची कड, आणि ती ग्रिडशी जुळवा. मग फोटो.

सपाट धरल्यावर अडचण येते ती उंच गोष्टींची. देवळाचा कळस कापला जातो आणि खाली नुसता दगडी घाट भरून राहतो. इथे १०-१८ खरी उपयोगी पडते. कॅमेरा उभा धरा, सपाट ठेवा आणि १० वर या. २० फुटांवरून, ५ फूट उंचीवर कॅमेरा असेल तर २७ फुटांपर्यंतची दीपमाळ पूर्ण मावते. १८ वर त्याच जागेवरून साडेसतरा फुटांपर्यंतच मावते. खालचा नको असलेला फरशीचा भाग घरी कापून टाका. २४ मेगापिक्सेलमधला एक तृतीयांश कापला तरी छापायला भरपूर शिल्लक राहतं. सॉफ्टवेअरमध्ये झुकलेले खांब सरळ करता येतात, पण तसं करताना कडेची बरीच पट्टी जाते आणि वरचा भाग ताणला जाऊन थोडा भुरकट होतो. थोडंसं झुकणं काढायला ते ठीक आहे. सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकायची नाही.

यासाठी खास लेन्सही असतात, ज्यांचा पुढचा भाग वर-खाली सरकतो. कॅननची टीएस-ई १७ आणि २४, निकॉनची पीसी १९. कॅमेरा सपाट ठेवून नुसती लेन्स वर सरकवायची, कळस आत येतो आणि खांब ताठ राहतात. वास्तूंचे फोटो काढून पोट भरणारे लोक त्या वापरतात. तुम्हाला आज त्यांची गरज नाही. उभा सपाट कॅमेरा आणि नंतरची काटछाट याने तेच काम बऱ्याच अंशी होतं.

लिंबच्या विहिरीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. बारा मोटांची ती शाहूकालीन विहीर म्हणजे या लेन्ससाठी उत्तम शाळा आहे. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलं की अष्टकोनी विहीर समोर येते आणि मागे-पुढे सरकायला जागा नसते. तिथे नवखा माणूस लगेच कॅमेरा खाली वळवून पाण्याचा फोटो काढतो आणि भिंती बाहेर फाकतात. आधी कॅमेरा सपाट धरून समोरची कमान घ्या. मग वरून, मोटा जिथून चालायच्या तिथून, मुद्दाम थेट खाली बघणारा फोटो घ्या. सपाट किंवा सरळ खाली, दोन्ही चांगले. मधलं अर्धवट वाकलेलं तेवढं टाळा. ऊन डोक्यावर असताना अर्धी विहीर काळी आणि अर्धी पांढरी येते. सकाळी लवकर जा किंवा ढगाळ दिवस निवडा. आणि कठड्याजवळ कॅमेऱ्याच्या स्क्रीनमध्ये बघत मागे पाऊल टाकू नका. वाइड लेन्समधून कड आहे त्यापेक्षा लांब वाटते.

मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात चौक आहेत, ओसऱ्या आहेत, भिंतींवर चित्रं आहेत. परवानगी विचारून आत जा. चौकाच्या एका ओसरीच्या बरोबर मध्यावर उभं राहायचं आणि समोरची ओसरी कॅमेऱ्याला समांतर ठेवायची. कोपऱ्यात उभं राहून तिरका फोटो घेतला की जास्त दिसतं हे खरं, पण खांबांची लय तुटते. वाड्यांना समोरून, शांतपणे बघितलेलं शोभतं, असं मला वाटतं. चित्रांचे फोटो १० वर काढू नका. कडेची चित्रं तिरपी पडून बिघडतात. त्यांच्यासमोर नीट उभं राहून १८-५५ वापरा.

वाईच्या ढोल्या गणपतीचं देऊळ उलट उदाहरण म्हणून सांगतो. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. हा आकार कळायला लांब जावं लागतं. जवळ जाऊन १० वर काढला तर नुसता एक फुगीर दगड दिसतो. नदीत पाणी कमी असताना लांबून, १८-५५ च्या ३५ किंवा ४० वर काढा. मागे सरकायला जागा आहे, तेव्हा सरका.

आता कास आणि एकूण निसर्ग. अजिंक्यताऱ्यावरून सज्जनगड बघा. डोळ्याला तो किल्ला केवढा भारदस्त वाटतो, आणि १० वर काढला तर क्षितिजावरची एक पुसट रेघ होते. तोच गड ५५ वर साडेपाच पट मोठा येतो. सह्याद्रीच्या एकामागे एक रांगा, त्यांच्यामधलं धुकं, हे सगळं लांब फोकल लेन्थचं काम आहे. ठोसेघरचा धबधबा दरीच्या अलीकडून बघायचा असतो, म्हणून तिथेही वाइडने दोऱ्याएवढा धबधबा आणि भरमसाट झाडी मिळते. रुंद देखावा हवाच असेल तर १८-५५ साधारण २४ वर ठेवा, कॅमेरा उभा धरा आणि एकेक तृतीयांश भाग पुन्हा येईल असे सात-आठ फोटो डावीकडून उजवीकडे काढून घरी जोडा. डोंगर हलत नाहीत, जोड नीट बसतो आणि डोंगर मोठे राहतात.

मग पठारावर वाइडचा उपयोग केव्हा? एखादं फूल अगदी जवळ, सव्वा-दीड फुटावर असेल, त्याच्यामागे पठार आणि वर ढग हवे असतील तेव्हा. १०-१८ सेन्सरपासून २२ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. १० वर एफ ८ ठेवून (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या आतल्या छिद्राचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) सव्वादोन फुटांवर फोकस केलात तर साधारण सव्वा फुटापासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. या लेन्सवर अंतराचे आकडे छापलेले नाहीत, म्हणून तेवढ्या अंतरावरच्या दगडाला किंवा झुडपाला स्क्रीनवर बोट लावून फोकस करा आणि मग तो तसाच धरून ठेवा. वारा असतोच, फुलं हलू नयेत म्हणून शटर स्पीड १/२५० च्या खाली नेऊ नका.

हे करताना पायवाट सोडायची नाही. सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवं ही बोटाएवढी रोपं जांभ्या खडकावरच्या पातळ मातीत उगवतात. एक माणूस फोटोसाठी आडवा झाला की तिथली जागा चिरडून जाते, आणि त्याच जागी मागून आणखी दहा जण आडवे होतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर जागांसोबत कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो याच इवल्या रोपांमुळे. तुमच्या कॅमेऱ्याची स्क्रीन बाहेर काढून वळवता येते, त्यामुळे वाटेवर उकिडवं बसून कॅमेरा नुसता हाताने खाली धरला तरी पुरतं. वाटेच्या कडेला फूल नसेल तर तो फोटो त्या दिवशी काढायचा नाही.

पोलरायझर फिल्टरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण निसर्गाचं नाव निघालं की दुकानदार तो हातात ठेवतात. ओल्या कातळावरची आणि पानांवरची चमक कमी करायला तो छान आहे. १० वर निळ्या आकाशात मात्र नको. सूर्यापासून काटकोनात असलेलं आकाश तो सगळ्यात गडद करतो आणि बाकीचं कमी. एवढी रुंद लेन्स ते सगळं एका फोटोत घेते, आणि आकाशाच्या मध्ये एक गडद पट्टा उमटतो. शिवाय १०-१८ ला ६७ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, तुमच्या १८-५५ चा ५८ चा आहे. एकाचा दुसरीला बसणार नाही.

टोकिनाचं कारण सांगायचं राहिलं. एफ २.८ ची ११-१६ किंवा ११-२० या चांगल्या, दणकट लेन्स आहेत. एफ ४.५ च्या तुलनेत त्या अडीच पट प्रकाश आत घेतात. पण खोलीचा फोटो तुम्ही ट्रायपॉडवर, एफ ८ ला, आयएसओ १०० वर (म्हणजे सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता कमी ठेवून) काढणार. शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं काय आणि दोन सेकंद राहिलं काय, कॉट कुठे पळून जात नाही. वाड्याचंही तेच. तिथे एफ २.८ चे जादा पैसे आणि दुपटीहून जास्त वजन नुसतं अंगावर वागवायचं. त्यात टोकिनाला हात हलला तर सांभाळून घेणारी सोय नाही. कॅननच्या १०-१८ ला ती आहे आणि ट्रायपॉड लावू देत नाहीत अशा देवळांत, जुन्या इमारतींत तिचा फार उपयोग होतो. खांबाला कोपर टेकवून, श्वास रोखून १/४ सेकंदाचा फोटोही बऱ्याचदा धारदार येतो. ट्रायपॉडवर मात्र ती सोय बंद ठेवलेली बरी. टोकिना घ्यावी ती रात्रीच्या आकाशासाठी. तारे सरकतात, शटर १५-२० सेकंदांपलीकडे उघडं ठेवता येत नाही, आणि तिथे अडीच पट प्रकाशाला पर्याय नाही. कासच्या बाजूला अंधाऱ्या रात्री जाऊन आकाशगंगेचे फोटो काढायची ओढ असेल तर दुकानदारांचं ऐका. नसेल तर नको.

फुल फ्रेमबद्दल तुमच्या मित्राचा हेतू चांगला आहे, पण हिशोब बघा. तुमच्या कॅमेऱ्यावर १०-१८ जेवढं दाखवते, तेवढंच दाखवायला फुल फ्रेमवर १६ ते २९ ची लेन्स लागते. म्हणजे जास्त पैसे देऊनही खोली तेवढीच दिसणार. फुल फ्रेमचा फायदा कमी प्रकाशात, हातात धरून काढलेल्या फोटोंत आहे. ट्रायपॉडवर काढलेला खोलीचा फोटो पाहुणे मोबाइलवर बघतात, तिथे तो फरक त्यांना दिसणार नाही. एवढं लक्षात असू द्या की १०-१८ कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही, आणि आर मालिकेच्या फुल फ्रेमवर अॅडॉप्टरने बसवली तरी कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो. पुढे कॅमेरा बदललात तर ती विकायची, हे धरूनच घ्या. त्यासाठीही वापरलेली घेतलेली बरी.

वाचलेल्या पैशांतून ट्रायपॉड घ्या, हलका असला तरी चालेल पण मधला दांडा डगमगणारा नको. खोलीत कॅमेरा साडेतीन ते चार फुटांवर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. पिवळा दिवा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आला की भिंतीचा रंग घाण येतो, म्हणून दिवसा दिवे बंद करून एक फोटो नक्की घ्या. खिडकीबाहेर डोंगर असेल आणि तोही दिसायला हवा असेल, तर कॅमेरा न हलवता कमी, बरोबर आणि जास्त उजेडाचे तीन फोटो काढून घरी एकत्र करा. रंग फार भडकवू नका. कपाटाच्या आरशात तुम्ही आणि ट्रायपॉड दोघंही दिसता, तेही बघा. पुढच्या काचेवर बोटाचा ठसा असला तर दिव्यांभोवती धुरकट वलय येतं, म्हणून प्रत्येक खोलीआधी काच पुसा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सचा खरा शत्रू बुरशी आहे. कासच्या धुक्यातून गरम खोलीत आलात की बॅग लगेच उघडू नका, तासभर तशीच राहू द्या, म्हणजे काचेवर दव धरणार नाही. नंतर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि त्या पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या करा.

वापरलेली घेताना हीच बुरशी आधी शोधा. मोबाइलची टॉर्च मागच्या काचेतून आत मारा आणि पुढून तिरक्या नजरेने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत कितीही कमी असली तरी नको. चार-दोन धुळीचे कण असतील तर त्यांचा फोटोवर परिणाम होत नाही. पुढच्या कडेवर खोच पडली आहे का ते बघा, तशी लेन्स कधीतरी आपटलेली असते. झूम फिरवताना कुठे अडकत नाही ना, फोकस होताना घरघर येत नाही ना, तेही बघा. सगळ्यात महत्त्वाची तपासणी भिंतीवर होते. दैनिकाची चार पानं एका सपाट भिंतीवर चार कोपऱ्यांत चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला समांतर ठेवा, १० वर या आणि एक फोटो एफ ४.५ ला, एक एफ ८ ला घ्या. लॅपटॉपवर मोठे करून मजकूर वाचा. चारही कोपरे मधल्या भागापेक्षा थोडे मऊ असणं या लेन्समध्ये साहजिक आहे आणि एफ ८ ला ते सुधारतात. पण तीन कोपऱ्यांतला मजकूर वाचता येतो आणि चौथ्यातला पुसट, असं दिसलं तर आतली काच सरकलेली आहे. ती दुरुस्तीला देऊ म्हणून घेऊ नका. विकणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा आणि दुसरी बघा. ही लेन्स खूप लोकांनी वापरली आहे, चांगली मिळते.